व्यासपीठाच्या पाच पायऱ्या आणि २०१६ चा कायदा

पायरी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात इंदूरमधल्या आपल्याच एका मराठी मंडळाने माझा सत्कार केला. निमित्त होते हस्तलिखित अंकासाठी केलेल्या कामाचे. दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. तेव्हापासून उजव्या पायाला कॅलिपर आहे आणि अलीकडे लांबच्या अंतरासाठी चाकांची खुर्ची वापरावी लागते. सभागृहाच्या व्यासपीठाला पाच पायऱ्या असून कठडा नाही. नाव पुकारले गेल्यावर चार तरुण कार्यकर्ते पुढे आले आणि मी काही बोलण्याच्या आत त्यांनी मला खुर्चीसकट उचलून वर ठेवले. मुले चांगली होती, त्यांच्या मनात काहीही वावगे नव्हते. सभागृहात मात्र टाळ्या वाजल्या, आणि त्या माझ्या कामासाठी होत्या की उचलणाऱ्यांसाठी, हे मला अजून समजलेले नाही.

घरी येऊन मी मंडळाला पत्र लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात ‘शक्य झाल्यास’, ‘आपल्या सोयीने’, ‘कृपया’ असे शब्द आले होते. दुसऱ्या खर्ड्यात ते खोडले आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४५ चा, म्हणजे जुन्या सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याच्या सक्तीचा, उल्लेख केला. सरकारी नोकरीत सत्तावीस वर्षे अर्ज टंकलेले असूनही स्वतःसाठी असा अर्ज मी प्रथमच लिहीत होते.

ही नोकरी मला १९९५ च्या जुन्या कायद्यामुळे मिळाली. त्यात सात प्रकारची अपंगत्वे मानली जात आणि सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखीव असत. डिसेंबर २०१६ मध्ये संसदेने नवा कायदा केला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. प्रकार एकवीस झाले, नोकरीतले आरक्षण चार टक्क्यांवर गेले, उच्च शिक्षणातले पाच टक्क्यांवर. हे सगळे स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकांत मिळते. मला विचारायचे आहे ते निराळेच. सकाळी घराबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत या कायद्याने आपल्यापैकी कोणाच्या दिवसात नेमका काय फरक पडला? सहानुभूतीचे प्रतिसाद नकोत, ते मला समोरासमोर भरपूर मिळतात.

निवृत्त रोखपाल

ताई, आधी माझ्या हातून घडलेले सांगतो. नव्वदच्या दशकात मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत होतो. एक दृष्टिहीन संगीतशिक्षक चेकबुक मागायला आले. ते सही करीत असत, आणि ती सही माझ्या सहीपेक्षा सुबक होती. तरीही आम्ही त्यांना चेकबुक दिले नाही. ‘तुमच्याच सुरक्षिततेसाठी’ असे सांगितले आणि दरवेळी एक नातेवाईक सोबत आणायला लावले. त्या नातेवाइकाला त्यांचा प्रत्येक व्यवहार कळत होता, याचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नाही.

४ जून २००८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले की दृष्टिहीन खातेदारांना चेकबुक, एटीएम, लॉकर, कर्ज यांपैकी काहीही केवळ दृष्टी नसल्याच्या कारणावरून नाकारता येणार नाही. पुढच्या वर्षी नव्या एटीएमपैकी किमान एकतृतीयांश यंत्रे बोलणारी आणि ब्रेल कळफलकाची असावीत, असाही आदेश आला. म्हणजे बँकांत बदलाला सुरुवात २०१६ च्या आधीच झाली होती. नव्या कायद्याच्या कलम १३ ने त्यामागे बळ उभे केले. मालमत्ता धारण करण्याचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत आहे.

आता तक्रार पुढे सरकली आहे. खाते उघडायला मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर ‘डोळे मिचकावा’ असे सांगतात. ज्यांना डोळेच मिचकावता येत नाहीत, त्यांनी काय करायचे? ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका महिलेच्या याचिकेवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसीची पद्धत सुधारण्यासाठी वीस निर्देश दिले. (आमच्या कॉलनीतले बोलणारे एटीएम तीन पायऱ्या चढून गेल्यावर बोलते, ती गोष्ट वेगळी.)

खंडवा नाका

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. कायद्याने कागद वाढतात, पायऱ्या कमी होत नाहीत, असा माझा अनुभव आहे. माझे वडील अर्धांगवायूनंतर चार वर्षे चाकांच्या खुर्चीवर होते. त्या काळात त्यांना मोकळेपणाने फिरवता आले ते एकाच ठिकाणी, इंदूरच्या बीआरटीएसवर (बससाठी राखीव मार्गिकेवर) धावणाऱ्या आयबसमध्ये. २०१३ साली बीआरटीएस सुरू झाला तेव्हा निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या मार्गावर थांब्याचा फलाट आणि बसचा तळ एका पातळीत ठेवले होते. खुर्ची ढकलली की थेट आत. कोणाला विनंती करावी लागली नाही, प्रमाणपत्र दाखवावे लागले नाही, आणि २०१६ चा कायदा तर तेव्हा नव्हताही. चांगल्या आखणीने जे साधले ते कलमांनी साधत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

पायरी

खंडवा नाका, आपले उदाहरण मला फार मोलाचे वाटते, पण निष्कर्ष मी उलटा काढते. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बीआरटीएस हटवायला संमती दिली, तेव्हा चर्चा कशाची झाली ते आठवा. वाहतूक कोंडी, उड्डाणपूल, मोटारींची मार्गिका. समपातळीचा फलाट गेला तर खुर्चीवरचा माणूस बसमध्ये कसा चढेल, हा प्रश्न कोणाच्या तोंडी मी ऐकला नाही. ती सोय आपल्याला हक्क म्हणून मिळालेली नव्हती, आखणीच्या ओघात मिळाली होती, म्हणून जातानाही ती कोणाला न विचारता गेली. रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या बसची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते. ३१ मे २०२५ ला मेट्रोचा पहिला सहा किलोमीटरांचा टप्पा सुरू झाला. तिथे लिफ्ट आहे, पण घरापासून मेट्रोपर्यंत जायला पुन्हा तीच बस किंवा रिक्षा.

नकाशाकार

मी वास्तुरचनाकार आहे आणि कबुलीजबाब देण्याची ही जागा बरी वाटते. कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना इमारत सहज वापरता येण्याचे, नियम पाळल्याशिवाय इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळू नये. त्यामुळे आम्ही सगळे नकाशात उतार काढतो. उतार काढण्याला पैसे पडत नाहीत, बांधण्याला पडतात. रॅम्पसाठी एकास बारा हे प्रमाण धरतात, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी. पावसाचे पाणी शिरू नये म्हणून आपल्याकडे जोते पंचेचाळीस सेंटिमीटर सहज असते. त्याला ५.४ मीटरचा उतार लागतो, वर आणि खाली खुर्ची वळवायला सपाट जागा लागते ती निराळी. लहान भूखंडावर मालक म्हणतो, ‘एवढ्यात एक गाडी उभी राहते.’ मग नकाशातला एकास बारा जागेवर एकास पाच होतो, त्यावर गुळगुळीत फरशी बसते, आणि शेवटी त्याच्या तोंडाशी दोन स्कूटर उभ्या राहतात. तसल्या उतारावरून खुर्ची खाली नेणे म्हणजे घसरगुंडी.

यात सरकारी नियमांचाही दोष होता. २०१७ च्या नियमावलीतील नियम १५ ने सुगम्यतेची मानके दिली खरी, पण त्यातली बरीचशी मार्गदर्शक सूचनांसारखी, पाळली तर उत्तम अशा भाषेत होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्ती करतो, नियम मात्र सल्ला देतो, हे चालणार नाही, असे सांगून किमान बंधनकारक मानके वेगळी काढण्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. आमच्या व्यवसायात ‘असावे’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांत सगळा फरक आहे. पहिले वाचून ग्राहक हसतो, दुसरे वाचून खर्च विचारतो.

ताई, त्या व्यासपीठाची उंची किती आहे?

पायरी

पाच पायऱ्या, प्रत्येक साधारण पंधरा सेंटिमीटर. आपण गणित करालच, पण मीही केले आहे. नऊ मीटर.

दोघांचे बाबा

माझ्या दोन मुलांपैकी धाकटा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. त्याची गोष्ट पायऱ्यांची नाही, त्यामुळे या धाग्यात लिहावे की नाही असा विचार करत होतो.

जुन्या कायद्याच्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती होती, पण तो कायदा मुख्यतः पालकत्वाचा आणि संस्थांचा. शाळेच्या दारात त्याचा उपयोग होत नसे. पहिल्या शाळेने ‘आमच्याकडे अशा मुलांसाठी शिक्षिका नाही’ असे तोंडी सांगितले. दुसऱ्या शाळेतही तेच उत्तर आले, तेव्हा मी म्हटले, हे मला लिहून द्या. नवा कायदा तेव्हा लागू झालेला होता. कलम १६ भेदभाव न करता प्रवेश द्यायला सांगते, आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला कलम ३१ सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देते. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो, हा त्यापुढे जातो. ‘लिहून द्या’ म्हटल्यावर मुख्याध्यापिकांनी मला बसायला खुर्ची दिली. त्याआधीची वीस मिनिटे मी उभा होतो.

प्रवेश मिळाला. शिक्षिका मिळायला दोन वर्षे लागली, आणि ती दोन वर्षे त्याची आई वर्गाबाहेरच्या बाकावर बसून होती. विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि पुढे पंधरा मुलांमागे एक असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितले आहे. त्या बाकावर आज दुसऱ्या मुलाची आई बसते. मध्य प्रदेशात दिव्यांग पेन्शन महिना सहाशे रुपये आहे. आमच्याकडे ती रक्कम थेरपीच्या दोन सत्रांतही पुरत नाही, एवढे सांगून तो विषय सोडतो.

आता मुलगा अठराचा होईल, आणि खरी पंचाईत तिथे आहे. बँक म्हणते, न्यासाच्या कायद्याखालचे पालकत्व प्रमाणपत्र आणा. ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती देते. एकदा ते काढले की त्याच्या बहुतेक निर्णयांवर सही माझी. २०१६ चा कायदा मात्र म्हणतो की पालकत्व मर्यादित असावे, विशिष्ट निर्णयापुरते आणि विशिष्ट काळापुरते, आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करूनच. माझा मुलगा बोलत नाही, पण दूध कुठल्या दुकानातून आणायचे हे त्याचे ठरलेले आहे आणि दुसरीकडून आणले तर तो पिशवी परत करायला लावतो. अशा माणसाला निर्णयक्षमता नाही, असे मी कागदावर कसे लिहू? आणि न लिहिले तर त्याच्या नावावर ठेवलेल्या पैशांचे काय करू?

वकिली चष्मा

बाबा, आपण मांडलेला पेच खरा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला, त्याचा रोख माणसाच्या वतीने निर्णय घेण्यावर नसून त्याला निर्णय घ्यायला आधार देण्यावर आहे. २०१६ चा कायदा त्या वाटेने चालतो, १९९९ चा त्याच्या आधीचा आहे. दोन्ही एकाच वेळी लागू आहेत. व्यवहारात मी पक्षकारांना अर्जातच नेमकी कारणे लिहायला सांगतो: बँक खाते, विमा, मालमत्तेची नोंद. ‘सर्व बाबींसाठी’ हे दोन शब्द टाळावेत.

खंडवा नाका यांनी कलमांनी काही साधत नाही असे म्हटले, म्हणून एक प्रकरण नोंदवतो, कारण ते आपल्याच राज्यातले आहे. मध्य प्रदेश न्यायिक सेवेच्या १९९४ च्या नियमांत ६-अ हा नियम होता, त्याने दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी उमेदवारांना न्यायाधीश होण्यापासून वगळले होते. अशा एका उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका केली आणि ३ मार्च २०२५ रोजी न्या. पारडीवाला व न्या. महादेवन यांनी तो नियम रद्द केला. निकालाचा आधार हाच २०१६ चा कायदा आणि त्यातील वाजवी सोयीसुविधांचे, म्हणजे त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे योग्य तो बदल करून देण्याचे, तत्त्व. एका आईच्या पत्राने राज्याचा नियम गेला, हे कागद वाढवण्यापेक्षा काही अधिक आहे.

नोकरदारांसाठी दुसरे एक कलम सांगतो. सेवेत असताना अपंगत्व आले तर कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. आधीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, आणि तेही नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (मंजूर संख्येबाहेरच्या) पदावर ठेवावे. दर वर्षी निदान दोन माणसे माझ्याकडे येतात, ज्यांनी अपघातानंतर ‘स्वेच्छेने’ राजीनामा लिहून दिलेला असतो, कारण कार्यालयातल्या कोणीतरी तोच सन्माननीय मार्ग असल्याचे सुचवलेले असते. राजीनामा लिहिण्याआधी आले असते तर मला काही करता आले असते.

कान टवकारून

नमस्कार, मी वयाने इथल्या सगळ्यांत लहान असेन. माझ्या दोन्ही कानांची श्रवणक्षमता कमी आहे, पण कायद्याच्या परिशिष्टात ‘ऐकू कमी येणे’ म्हणजे दोन्ही कानांत साठ ते सत्तर डेसिबलचा ऱ्हास असे लिहिले आहे आणि माझा अहवाल दोन्ही कानांना छप्पन्न दाखवतो. त्यामुळे चार डेसिबलनी मी दिव्यांग नाही. बैठकीत तिघे एकदम बोलू लागले की मात्र मला कोणाचेच कळत नाही. मी एका खाजगी कंपनीत काम करते. ऑनलाइन बैठकीत उपशीर्षके सुरू ठेवा, एवढेच मागितले होते. मनुष्यबळ विभागाने आधी विचारले, ‘तुमच्याकडे दिव्यांगत्वाचे कार्ड आहे का?’

वकिली चष्मा

कार्ड विचारणे चूक होते. कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत. चाळीस टक्के किंवा अधिक असेल तर ‘लक्षणीय दिव्यांगत्व’, आणि आरक्षणासारखे लाभ त्याला जोडलेले आहेत. पण ‘दिव्यांग व्यक्ती’ची व्याख्या याहून मोठी आहे. दीर्घकालीन दोष, आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे इतरांच्या बरोबरीने भाग घेता न येणे, एवढे त्यात पुरते. टक्के त्यात नाहीत. ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार प्रकरणात लोकसेवा आयोगाने लेखनपेटके येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण त्याचे अपंगत्व चाळीस टक्के भरत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि वाजवी सोय टक्क्यांना बांधता येणार नाही असे सांगितले. तो निकाल परीक्षेतल्या लेखनिकाबद्दल होता, पण त्यातला विचार आपल्या उपशीर्षकांना लागू पडतो, असे माझे मत आहे. शिवाय वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेलाही समान संधी धोरण करून प्रसिद्ध करावे लागते. त्याची प्रत मागा.

कान टवकारून

मागितली होती. धोरण सापडले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून उपशीर्षके सुरू झाली. ती मराठी आडनावांची जी चिरफाड करतात, तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

निवृत्त रोखपाल

एकवीस प्रकार कायद्यात आले, पण प्रत्येक खाते आपली जुनी यादी सोडत नाही, हेही नोंदवावेसे वाटते. माझ्या पुतण्याला अल्पदृष्टी आहे. प्रमाणपत्र आहे, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) आहे. तरीही रेल्वेची सवलत मिळत नाही, कारण तिथला निकष संपूर्ण दृष्टिहीनतेचा आहे. ज्याला फलाटावरची पाटी वाचता येत नाही पण समोर माणूस उभा आहे एवढे दिसते, त्याला एक खाते दिव्यांग म्हणते आणि दुसरे म्हणत नाही.

खंडवा नाका

मी माझे विधान थोडे मागे घेतो, पूर्ण नाही. कलमाचा आधार घेऊन मागणाऱ्याला मिळते, हे वरच्या अनुभवांवरून दिसते. पण प्रत्येकाने मागत राहायचे, आणि मागण्यासाठी आधी कलम पाठ करायचे, हा भार अपंग माणसावरच का? माझ्या वडिलांना कलम ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. आम्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या जनसुनावणीला मंगळवारी जाऊन रांगेत उभे राहणाऱ्यांतले नव्हतो. आम्ही घरी बसलो.

पायरी

याचे उत्तर माझ्याकडे नाही. वडिलांबद्दल आपण लिहिलेत ते वाचून मी थोडा वेळ थांबले होते.

आता मंडळाचे काय झाले ते सांगते. चिटणिसांचे उत्तर आले. त्यांनी लिहिले की सभागृह खाजगी विश्वस्त संस्थेचे आहे, म्हणून हा कायदा लागू होत नाही. मी परत लिहिले की सर्वसामान्य लोक जिथे सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी येतात अशी खाजगी इमारतही कायद्याच्या व्याख्येनुसार ‘सार्वजनिक इमारत’च ठरते आणि नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्येच संपली. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, आयुक्तांनी केलेली शिफारस मान्य नसेल तर तीन महिन्यांत कारणे कळवावी लागतात, आणि पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड आहे, हे मात्र मी लिहिले नाही. ज्या मंडळाच्या गणेशोत्सवात मी आठव्या वर्षी नांदी म्हटली, त्याला दंडाचे आकडे कळवायला हात धजला नाही. वकिलांना ही चूक वाटेल.

काल चिटणिसांचा दूरध्वनी आला. आवाज जरा घट्ट होता. म्हणाले, नऊ मीटर उतार काढला तर पुढच्या दोन रांगा जातील आणि त्या रांगा देणगीदारांच्या आहेत. मी म्हटले, मग तोवर सत्कार खाली, सभागृहाच्या जमिनीवर करा, सगळ्यांचेच. ते म्हणाले, अध्यक्षांना विचारतो.

नकाशाकार

मध्ये एक विश्रांतीचा टप्पा देऊन भिंतीलगत वळवता येईल, रांगा जाणार नाहीत असे वाटते. पण विंगेच्या दाराची रुंदी पाहावी लागेल, ९० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर दारही बदलावे लागेल. मोबदला नको. चिटणिसांना सांगून ठेवा, रविवारी सकाळी दहाला टेप घेऊन येतो. ताई, आपण खुर्ची घेऊन या. वळण कागदावर बसते आणि जागेवर अडकते, असे दोनदा झाले आहे माझे.

पायरी

येते. किल्ली पहारेकऱ्याकडे असते आणि तो दहाला जागेवर असेलच असे नाही, म्हणून साडेदहा धरू.